वडिवळ्यात मी बंद केलेली वाट

कामशेतला उतरायचं होतं आणि मी उतरले नाही. लोकल थांबली, समोरच्या बाई पिशव्या सावरत उतरल्या, दार माझ्यापासून चार पावलांवर होतं आणि मी खिडकीबाहेर बघत बसून राहिले. खरं सांगायचं तर शिवाजीनगरला तिकीट काढतानाच मी लोणावळ्याचं काढलं होतं. पळवाट घरूनच बांधून आणली होती.

मला जायचं होतं वडिवळ्याला, बाबांच्या गावी. बाबा डॉक्टर. मी चार वर्षांची असताना आम्हाला घेऊन ते इंग्लंडला गेले आणि डेव्हनमधल्या एका खेड्यात आमचं बिऱ्हाड पडलं. दगडी घरं, पोस्टाच्याच दुकानात पाव नि लेमन ड्रॉप्स, आणि लोकांच्या शेतांमधून सरळ जाणारी पायवाट. त्या वाटेनं कुणीही जावं, फक्त आपल्यामागे फाटक लावायचं, नाहीतर मेंढ्या रस्त्यावर येतात. शेजारच्या शेतकऱ्यानं पहिल्याच आठवड्यात माझा हात धरून कडी लावायला शिकवलं होतं. सहा वर्षांत मी एकही फाटक उघडं सोडलं नाही. त्याचा मला कोण अभिमान होता.

मी लग्न होऊन पुण्याला आले; माझा भाऊ, दादा, अजून तिकडेच आहे. बाबा गेल्या वर्षी गेले, तेव्हापासून तो नातवंडांसाठी घराण्याचा इतिहास लिहितोय. मागच्या महिन्यात त्यानं मसुदा पाठवला. डेव्हनचा भाग वाचून मी रडले. मग वडिवळे आलं, आणि त्यात एक वाक्य होतं: ‘शेजारच्या सदूने द्वेषापोटी आमच्या भातखाचरातलं पाणी अडवलं आणि बांध फुटला.’ बाबा आयुष्यभर ही गोष्ट सांगत आले, दादानं ती तशीच उतरवली. पण पाणी सदूकाकांनी अडवलं नव्हतं. मी अडवलं होतं. हे मी कुणालाही, अगदी नवऱ्यालाही, कधी सांगितलं नाही.

तर अशी मी लोणावळ्यात, हातात पिशवी घेऊन, कारण नसताना. भात कापणीचे दिवस होते, हवा छान होती, आणि मला एका जागी बसवत नव्हतं. वडापाव घेतला, अर्धा टाकला. चालत वलवणपर्यंत गेले, धरणाचं पाणी लांबून पाहिलं, परत आले. (तुम्ही गेलात तर शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी स्टेशनजवळच्या लॉजवर खोली स्वस्तात मिळते, गरम पाणी मात्र सकाळी आठपर्यंतच.) चिक्कीच्या दुकानात मालकांनी विचारलं, “कुणासाठी नेताय?”

“ज्यांचं वाईट केलंय, त्यांच्यासाठी.”

ते जराही हसले नाहीत. “वय झालेली माणसं असतील तर क्रश चिक्की न्या. दात लागत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पुण्याच्या लोकलनं मात्र कामशेतला उतरले. स्टेशनबाहेर मिसळ खाल्ली, तिखट होती, जीव थाऱ्यावर आला. वडिवळ्याकडे सहा आसनी रिक्षा जाते, पण भरल्याशिवाय हलत नाही. पाऊण तास धरून चाला. घाई असेल तर उरलेल्या सीटांचे पैसे देऊन निघता येतं. मला घाई नव्हती, तरी मी पैसे दिले. थांबले असते तर परत फिरले असते.

“कुनाकडं जायाचंय?” रिक्षावाल्यानं विचारलं.

“सदूकाकांकडे.”

“ते जाऊन लय वर्सं झाली की. मावशी हायेत. त्येंची बायको, हौसामावशी.”

हे मला माहीत नव्हतं. त्या घरची खबर आमच्याकडे कुणी देत नसे. दोन्ही बाजूंना पिवळं भात, कुठे कापलेलं, कुठे उभं, इंद्रायणी भाताचा वास रिक्षात येत होता.

काय झालं होतं ते सांगते. मी दहा वर्षांची. सुट्टीत आम्ही गावी आलो होतो आणि आवणी, म्हणजे भाताची लावणी, नुकतीच उरकली होती. वरचं खाचर माझ्या काकांचं, म्हणजे तात्यांचं, आणि खालचं सदूकाकांचं. मधल्या बांधाला पाणी खाली जायला हातभर वाट ठेवलेली असते. मी एकटी बांधावरून फिरत होते. मला ती वाट दिसली आणि वाटलं, कुणीतरी उघडी टाकून गेलंय. दगड आणले, चिखल थापला, गवत कोंबलं, हात धुतले. दोन दिवस मुसळधार पाऊस झाला. तात्यांची रोपं बुडाली, बांध फुटला आणि सगळा गाळ सदूकाकांच्या लावणीवर जाऊन बसला. आदल्याच दिवशी सदूकाका म्हणाले होते की खाली पाणी जास्त येतंय. मग संशय दुसऱ्या कुणावर जाणार? त्यांनी बांधावर हात ठेवून शपथ घेतली. बाबा आणि तात्या ओरडत होते. मी ओट्यावर उभी होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या वर्षापासून दोन घरांची सावड तुटली. आज आम्ही तुमच्या रानात, उद्या तुम्ही आमच्या, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं थांबलं. आम्ही विमानात बसून परत गेलो.

हौसामावशी अंगणात भात वाळत घालत होत्या. ऐंशीच्या आसपास, पाठीत वाकलेल्या. मी नाव सांगितलं. “डाक्टरची मंजू व्हय?” म्हणाल्या आणि पोतं सरकवून बसायला दिलं. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, फाटकापासून चिखलापर्यंत.

त्या पायानं भात पसरत राहिल्या.

“मरस्तोवर सांगत हुता, हौसे, म्या न्हाई बुजवलं. म्या म्हनायची, असू दे आता, झालं ते झालं.” त्यांनी भाताचा एक ढीग मोडला. “म्या बी न्हाई मानलं त्याचं.”

माफी मागायचे शब्द मी लोणावळ्यात पाठ केले होते. ते सगळे फुकट गेले. मी रडायला लागले, तशा त्या म्हणाल्या, “रडू नगं. चल. तात्यापुडं सांग. माज्यासमोर सांग.”

दोन घरांत पन्नास पावलांचं अंतर. त्या पावसाळ्यापासून मावशी लग्नकार्याशिवाय ते कधी चालल्या नव्हत्या. तात्या खळ्यात भाताची झोडणी करत होते. मी पुन्हा सगळं सांगितलं. हातातली पेंढी तशीच धरून ते ऐकत राहिले.

“त्यानं बांधाला हात लावून सांगितलं हुतं,” तात्या म्हणाले.

“व्हय,” मावशी म्हणाल्या. “कुनीच न्हाई ऐकलं.”

तात्यांनी पेंढी खाली ठेवली आणि काकूला चहा टाकायला सांगितलं. मावशी थांबल्या नाहीत. “चा नगं. उद्या माजी झोडनी हाय,” एवढं बोलून त्या वळल्या.

त्या रात्री मी तात्यांकडेच राहिले. सकाळी उठले तर तात्या आणि त्यांचे दोन्ही मुलगे घरात नव्हते. मावशींच्या खळ्यातून झोडणीचा आवाज येत होता. मीही गेले. मला पेंढ्या उचलून द्यायचं काम दिलं. दुपारी मावशींनी सगळ्यांना भात आणि काळ्या वाटाण्याची आमटी वाढली. चिक्की त्यांनी डब्यात ठेवली, खाल्ली नाही. माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत, आणि मलाही त्यांनी बोलावं असं म्हणायचा हक्क नव्हता.

पुण्यात परतून आठवडा झाला. मन हलकं होईल असं वाटलं होतं, तसं काही झालेलं नाही. सावड जुळली, हे खरं. पण एका माणसाला त्याच्या बायकोनंही खोटं मानलं आणि तो तसाच गेला, हे आता मला ठाऊक आहे, जाण्याआधी नव्हतं. रात्री गॅलरीचं दार लावताना हात थांबतो.

दादाला सगळं कळवलं. त्याचा फोन आला. तो म्हणाला, “मग ते वाक्य काढून टाकू का?”

“काढू नकोस,” मी म्हणाले. “‘शेजारच्या सदूने द्वेषापोटी’ याच्या जागी नुसतं माझं नाव घाल. आणि खाली लिही, सदूकाका खरं बोलत होते.”