टाकीवरचा बगळा

माझे साडू फोटोफ्रेमा करायचे. आमच्या भागात त्यांना नावानं कोणी ओळखत नाही, सगळे ‘काटकोन’ म्हणतात, आणि तेही तोंडावर. त्यांना राग येत नाही, कारण हे नाव त्यांनी कमावलेलं आहे. त्यांच्या फ्रेमच्या कोपऱ्यात नख शिरत नसे. गिऱ्हाईक दारात पाय आपटत असलं तरी हे आपले कोपऱ्याला डोळा लावून बसलेले. ‘‘फोटोतला माणूस हलणार नाही, फट मात्र वाढत जाते,’’ म्हणायचे. हा माणूस मला पहिल्यापासून आवडतो. पण गेलं वर्षभर त्यांनी माझं डोकं असं काही पिकवलंय की विचारू नका.

मी प्लंबर. गळतंय म्हटलं की मी आधी कॉक बंद करतो आणि मग बोलतो. बायको म्हणते, मग बोलतो तेही जरा जास्तच. असेल. पण समोर पाणी वाहतंय आणि माणूस खुर्चीत बसून त्याकडे बघतोय, हे मला सोसत नाही.

सगळं सुरू झालं त्या बारा चित्रांपासून. एक बाई ती फ्रेम करायला घेऊन दुकानात आल्या. प्रत्येक चित्रात एक प्राणी आणि खाली त्याचा गुण: कासव म्हणजे सातत्य, मुंगी म्हणजे कष्ट, गरुड म्हणजे ध्येय, बगळा म्हणजे धीर. बाई कसलंसं शिबिर घेत. रोज वहीत लिहायचं, आज कोणता प्राणी दिसला आणि तो मला काय सांगून गेला. काम वेळेत दिलं म्हणून बाईंनी खूश होऊन यांना शिबिरात बसवलं. हे तिथून परत आले ते वेगळेच होऊन. उरलेल्या पुठ्ठ्याची बांधणी करून स्वतःच एक जाडजूड वही शिवली आणि खिडकीशी खुर्ची ओढली.

लिहायला माझी हरकत नव्हती. माणूस काही व्यसन करत नव्हता, कोणाच्या अध्यात ना मध्यात. दर रविवारी आम्ही दोघं नवरा-बायको त्यांच्याकडे चहाला जायचो, तेव्हा ते आठवड्याचं लिखाण वाचून दाखवायचे. ताई, म्हणजे माझी मेहुणी, कप विसळता विसळता ऐकायच्या. माझी बायको ‘‘वा, भाऊजी!’’ म्हणायची. मी बिस्किटं खायचो.

पण त्याच सुमारास आमच्या घरातला एक फोटो पुन्हा फ्रेम करून आला आणि त्याच्या कोपऱ्यात फट होती. चांगली दिसेल अशी. बायको ती फ्रेम हातात धरून किती वेळ उभी होती. ‘‘भाऊजींच्या फ्रेमला?’’ एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो तर टेबलाच्या कडेला ठेवलेली हातोडी हे चाचपून शोधत होते. तिथून उठवून मी त्यांना थेट डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

काचबिंदू निघाला, आणि तोही बराच पुढे गेलेला. डॉक्टरीणबाई शांत होत्या, नीट समजावून सांगत होत्या. डोळ्याच्या आत पाणी तयार होतं, ते बाहेर पडायची वाट अडली की आतला दाब वाढतो, आणि त्या दाबानं नजरेची नस मरत जाते.

‘‘म्हणजे आउटलेट तुंबलंय,’’ मी म्हणालो.

‘‘अगदी तसंच,’’ बाई म्हणाल्या. ‘‘थेंबांनी थोडा दाब उतरेल, पण ऑपरेशन करावं लागेल. गेलेली नजर परत येणार नाही. आहे तेवढी वाचवायची, आणि तीही लवकर.’’

साडू म्हणाले, ‘‘पण मला कुठं काळं दिसतंय?’’

‘‘यात काळं दिसत नाही, काका. जिथलं दिसेनासं होतं, तिथलं चित्र मन आपल्याच मनानं भरून काढतं. म्हणून तर पेशंट उशिरा येतात.’’

मला सगळं लख्ख कळलं. असे पाईप मी रोज बघतो. मी विचारलं, उद्या येऊ का? साडू म्हणाले, ‘‘विचार करतो.’’

आणि ह्यांचा विचार म्हणजे काय, तर जनावरांना विचारणं! पहिल्या रविवारी कासव निघालं. घाई हा मनाचा रोग आहे, कासवाला कोणी धावताना पाहिलंय का, वगैरे दोन पानं. त्याच्या पुढच्या वेळी वटवाघूळ. ते म्हणे डोळ्यांवाचून अख्खं आयुष्य मजेत काढतं, कारण त्याला आतून ऐकू येतं.

‘‘आतून सोडा,’’ मी म्हणालो, ‘‘मघापासून ताई चहा घ्या म्हणतायत, ते बाहेरून तरी ऐकू आलं का?’’

‘‘साडूभाऊ, तुम्ही फार वरवर बघता.’’

वरवर! ज्या माणसाला बाजूनं आलेली सायकल दिसत नव्हती, तो मला हे सांगत होता. मला एवढंच दिसत होतं की कुठलंही जनावर उठावं आणि ह्यांच्या मनात आधीपासून असलेलंच बोलावं. एकानंही कधी सांगितलं नाही की बाबा रे, दवाखान्यात जा. शेवटी मीही त्यांच्याच रस्त्यानं जाऊन पाहिलं. म्हणालो, ‘‘मी गटारांत काम करतो. पाणी चढायला लागलं की उंदीर आधी बाहेर पडतो. विचार करतो म्हणत बसत नाही. आता ह्यातून काय शिकायचं ते लिहा.’’

साडूंनी मान हलवली. ‘‘उंदीर आपल्या बारा चित्रांत नाही.’’

मी कपाळाला हात लावला. भांडलो, गोड बोललो, अबोला धरला, बायकोला पुढं केलं. ताईंनी रडून पाहिलं. दवाखान्याची तारीख घ्यायची आणि ऐन वेळी ह्यांनी पाय मागे घ्यायचा, असं किती वेळा झालं. वहीतलं अक्षर मोठं मोठं होत चाललं होतं, ओळी एकमेकींवर चढत होत्या, आणि दुकानात गिऱ्हाईक फ्रेम उचलून कोपरा बघून काही न बोलता खाली ठेवायला लागलं होतं. खरं सांगायचं तर हे भित्रे होते. डोळ्यात सुरी जाणार ह्या कल्पनेनंच त्यांचे हातपाय गळायचे. तसं सरळ म्हणाले असते तर मी त्यांचा हात धरून बसलो असतो. पण भीतीला धीर म्हणायचं, हे त्यांना वहीनं शिकवलं होतं.

मग आला बगळा. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे, तिच्यावर म्हणे एक पांढरा बगळा येऊन उभा राहतो. एका पायावर, तासन् तास, वारा असो की ऊन. साडू त्याच्यावर लट्टू झाले होते. त्या रविवारी त्यांनी वही मिटली आणि जाहीर केलं, ‘‘हा माझा गुरू. ज्या दिवशी मी बघत असताना हा उडेल, त्या दिवशी मी ऑपरेशनला जाईन. माझा शब्द आहे.’’

मला हायसं वाटलं. बगळाच तो, आज ना उद्या उडेल. काटकोनाचा शब्द म्हणजे शब्द, एवढं मला माहीत होतं. पण रविवारमागून रविवार गेले आणि बगळा काही उडेना. ‘‘बघत असताना उडाला नाही,’’ एवढंच उत्तर मिळायचं. शेवटी एका रविवारी मी सकाळीच जाऊन बसलो. म्हटलं, ह्या पक्ष्याला एकदा बघू तरी.

‘‘तो बघा,’’ साडू खिडकीतून बोट दाखवत म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काय आनंद होता! ‘‘मान आत घेतलीय आज.’’

मी पाहिलं. टाकीवर एक आडवा पाईप बाहेर आलेला होता आणि त्याच्या टोकाला पांढरं प्लास्टिक अडकलं होतं. सिमेंटचं पोतं. वरचा भाग फाटून मुरगळलेला, खाली एक चिंधी लोंबत होती. तोच तो एक पाय.

मी उठलो आणि स्वयंपाकघरात ताईंकडे गेलो.

‘‘ताई, ते पोतं आहे.’’

त्या पीठ चाळत होत्या. हात थांबला नाही. ‘‘ठाऊक आहे मला.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘पहिल्या दिवसापासून. सांगू कसं त्यांना? ज्याच्यावर एवढी पानं लिहिली ते पोतं निघालं म्हणू? म्हटलं, एखाद दिवस जोराचा वारा सुटेल आणि उडून जाईल. मग जातील ते. मी रोज वाऱ्याचीच वाट बघतेय.’’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस पोतं उडायची वाट बघतोय, त्याची बायको वाऱ्याची वाट बघतेय, आणि तिकडे दाब वाढतोय! अख्खं घर हात बांधून बसलं होतं. ‘‘वाऱ्याचं काम मी करतो,’’ म्हणालो आणि गाडीतून पान्यांची पिशवी काढली.

समोरच्या वॉचमनला टाकीचा बॉल बघायचा आहे म्हणून सांगितलं. दुपारची वेळ होती. मी शिडीवरून टाकीवर चढलो आणि खिडकीकडे पाहिलं. साडू खुर्चीत होते, तोंड माझ्याकडे. मला वाटलं, आता हे ओरडणार, साडूभाऊ, तिथं काय करताय? मनात उत्तरही तयार करून ठेवलं होतं. ते काही बोलले नाहीत. पोतं चांगलं गुंडाळलेलं होतं, पाईपाच्या जोडात अडकलेलं. वाऱ्याच्या बापाच्यानंही ते निघालं नसतं. मी ते सोडवलं, एकदा हवेत झटकलं, उडाल्यासारखं दिसावं म्हणून, आणि पिशवीत कोंबून खाली उतरलो.

चहाच्या वेळी माझी बायकोही आली. ताईंना मी खुणेनं सांगितलं होतं. त्यांनी कप मांडले. मी खुशीत होतो. आता हे सांगणार, उडाला. बाहेर गाडी उभी करून ठेवायचीच काय ती बाकी होती.

साडूंनी वही उघडली, नाकाशी धरली. ‘‘आज दुपारी पाहिला,’’ ते वाचू लागले. ‘‘आत्ता चहाच्या आधीही पाहिला. ऊन मी म्हणतंय, पण हा जागचा हललेला नाही. पंख किती पांढरे...’’

माझी बायको सवयीनं ‘‘वा’’ म्हणायला गेली आणि तिनं खिडकीबाहेर पाहिलं. टाकीवर नुसता पाईप होता. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी पिशवीतून पोतं काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

‘‘हे काय?’’

‘‘तुमचा बगळा,’’ मी म्हणालो. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, तरी चढला. ‘‘पोतं आहे, साडूभाऊ. पहिल्यापासून पोतंच होतं. मी दुपारी वर चढून काढलं. तुम्ही बघत होता.’’

त्यांनी दोन्ही हातांनी ते चाचपलं. फाटकी कड, लोंबती चिंधी, शिवणीचा दोरा. मग तोंड खिडकीकडे वळवलं.

‘‘दुपारी काढलंत?’’

‘‘हो.’’

‘‘मग मघाशी मी काय पाहिलं?’’

ताईंनी पदर तोंडाला लावला. साडूंनी ते पोतं मांडीवर पसरलं, सुरकुत्या तळहातानं सपाट केल्या आणि कोपऱ्याला कोपरा जुळवून त्याची घडी घातली. मग आणखी एक. बोटांनीच कडा तपासल्या. त्या घडीला कुठं फट नव्हती.

‘‘मला भीती वाटते,’’ ते म्हणाले.

‘‘मग वाटू द्या की! तेच आधी म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?’’ मी ओरडलोच. आणि मग त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी आम्ही पायरीवर होतो. डावा डोळा गेल्यात जमा होता, तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. उजव्याचं ऑपरेशन झालं. त्याला समोरचं दिसतं, नळीतून बघावं तेवढं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘ह्यांना पहिल्यांदा आणलंत तेव्हाच झालं असतं तर...’’ आणि माझ्याकडे बघून थांबल्या. बरं झालं थांबल्या. मला कोणावर चिडावं तेच कळत नव्हतं. बारा चित्रांवर, ताईंवर, त्या पोत्यावर की ह्यांच्यावर. अजून कळत नाही. आमच्या भागातल्या फ्रेमा आता दुसऱ्या दुकानात होतात. आमच्या घरातली फट मी तशीच ठेवली आहे.

परवा रविवारी ते म्हणाले, वही आणा आणि तुम्ही लिहा, मी सांगतो. मला वाटलं, झालं, परत सुरू! पण बायकोनं डोळे वटारले म्हणून पेन घेतलं.

‘‘साडूभाऊ, टाकीवर काय आहे?’’

‘‘पाईप.’’

‘‘दुसरं काही?’’

‘‘काही नाही.’’

‘‘लिहा. टाकीवर पाईप आहे.’’

मी लिहिलं आणि थांबलो. पुढं आता पाईप आपल्याला काय शिकवतो ते येणार, म्हणून दात आवळून बसलो.

‘‘पुढं?’’

‘‘पुढं काही नाही,’’ साडू म्हणाले. ‘‘पूर्णविराम द्या.’’