सुधाभाऊचा ड्रायसूट

अकोल्याच्या स्टेशनावर गाडी हलली तेव्हा आई पदरानं डोळे पुसत होती आणि सुधाभाऊ, माझा चुलतभाऊ, खिडकीसोबत चालत ओरडला, "अन्या, तिकडं हिरीपाशी नोको जाजो बरं!" सगळे हसले. आईसुद्धा.

घरच्यांनो, विहिरीचा किस्सा तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. मोर्शीच्या आपल्या संत्राबागेतली विहीर, पोहणं शिकवायला माझ्या पाठीला बांधलेला रिकामा डबा. दोरी सुटली आणि अन्या भ्यायला, असं तुम्ही सांगता. दोरी सुटली नव्हती. सुधाभाऊनं सोडली होती. मी गटांगळ्या खात होतो आणि तो कमरेवर हात ठेवून हसत होता. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "इसरून जाय." नाही विसरलो.

आता स्कॉटलंडमध्ये एका तळ्याकाठी मी ड्रायसूट भाड्यानं देतो. मानेला, मनगटाला रबर आवळलेला, पाणी आत येऊ न देणारा पोशाख. कयाक म्हणजे अरुंद वल्ह्याची होडी चालवणाऱ्याला हलका, अंगालगत बसणारा. पाणबुड्याला हवा सोडायच्या झडपेचा. शिडाच्या होडीत बसणाऱ्याला ढगळ चालतो. कुठलाही घाला, आधी उकिडवं बसून, मानेचं रबर ओढून आतली हवा काढायची. नाहीतर ती पायांत चढते आणि माणूस उलटा होतो. हे मी प्रत्येकाला सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात सुधाभाऊ आला. त्याला पोहायचं होतं. मी मुद्दाम ढगळ सूट काढला. हवेचं सांगितलं नाही. लाइफ जॅकेट पुढं केलं तर म्हणाला, "मी हिरीतला गडी. मले जाकीट कायले?" मी ते लगेच खुंटीला परत लावलं.

धक्क्यावरून त्यानं उडी मारली. पाय वर आले, डोकं खालीच राहिलं. मी कमरेवर हात ठेवून पाहत होतो. पाय हलायचे थांबले, तेव्हा उडी घेतली.

खोकत, माझा हात धरून तो म्हणाला, "अन्या, तू होता म्हून वाचलो रे."

हेच तो मोर्शीत सांगत फिरतो. काकू फोनवर मला आशीर्वाद देते आणि मला जेवण जात नाही. मी त्याला वाचवलं नाही. आधी बुडू दिलं, मग काढलं. त्याची माफी मागतो. तरी ते वर आलेले पाय आठवले की अजून जीव सुखावतो, हेही खरंच आहे.

दिवाळीला येतोय. हे वाचूनही जो दार उघडेल, त्याचं घर ते माझं घर. सुधाभाऊ, मी माझं सांगितलं. आता सगळ्यांना विहिरीवर ने आणि दोरीचं तू सांग.