हाक मारल्याशिवाय न येणारं फोल्डर

आम्ही दोघी सांगलीच्या एकाच कॉलेजात शिकलो, एकाच खोलीत राहिलो. ती आष्ट्याची. साताऱ्याच्या एमआयडीसीत मी ज्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते, तिथं तिचं नाव मीच सुचवलं.

आमच्या ड्रॉइंग विभागातले कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात. ड्रॉइंग्ज मात्र पलीकडच्या इमारतीतल्या सर्व्हरवर. तिथली फोल्डरं प्रत्येक कॉम्प्युटरला जोडून घ्यावी लागतात. त्याला माउंट करणं म्हणतात. सर्व्हर बंद पडला की जोडणी तुटायची आणि माझ्या नावाचा पुकारा व्हायचा. टेबलाटेबलापाशी जाऊन मी ती पुन्हा जोडून द्यायची. वैतागल्याचं दाखवायची, पण मनातून ते मला आवडायचं. कुणी ना कुणी चहा पुढं करायचं.

तिनं येऊन ऑटोमाउंट बसवलं. म्हणजे फोल्डर कायम जोडून ठेवायचंच नाही. कुणी उघडायला गेलं की तेव्हाच ते जोडलं जातं, बराच वेळ कुणी फिरकलं नाही की आपसूक सुटतं.

साहेबांना ती ते दाखवत होती, तेव्हा मी मुद्दाम पुढं होऊन मुख्य फोल्डर उघडलं. आत काहीच नाही.

"अगं, हे तर रिकामं आहे!" सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणाले. मला इतका आनंद झाला होता की आवाज चढला.

"रिकामंच दिसणार," ती हसली. "हाक मारल्याबिगर येत न्हाई ते. आतल्या फोल्डरचं नाव टाक की."

मी नाव टाकलं. क्षणभर थांबून सगळी ड्रॉइंग्ज समोर आली. साहेब "वा!" म्हणाले, तिच्याकडं बघून.

विभागात फौजेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते मला म्हणाले, "आवं ताई, आता तुमची पळापळ थांबली. लय बेस झालं बघा." त्यांना खरंच माझ्यासाठी बरं वाटत होतं. त्या संध्याकाळी मी तिच्याबरोबर स्टँडपर्यंत गेले नाही. काम आहे, असं सांगितलं.

तिला काही विचारायचं नाही, असं मी ठरवून टाकलं. घरच्या जुन्या लॅपटॉपवर स्वतःच शिकत राहिले. पुढं तपासणी विभागाला तसंच हवं होतं आणि ती नेमकी सुट्टीवर गावी गेलेली. मी एकटीनं बसवलं. फोल्डरच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं, ते सापडेपर्यंत दुपार गेली. पण चाललं.

साहेबांनी येऊन बघितलं. "छान! मॅडमनी चांगलं शिकवलंय तुम्हाला."

"मी माझी शिकले, सर," मी म्हणाले. पण ते फोन घेत बाहेर पडले होते.

संध्याकाळी तिचाच फोन आला. "लय भारी केलंस म्हणं! मला म्हाईतच होतं, तुला जमंल." तिच्या आवाजात नुसता आनंद होता. तोच मला सहन होईना. "आवाज तुटतोय गं," म्हणून मी फोन ठेवून दिला.