चार रविवारचा शिक्का

चहा येईपर्यंतच सांगून टाकतो. चहाबरोबर ऐकलंत तर ठसका लागेल आणि त्याचंही खापर माझ्यावर फुटेल.

परवा नात कॉम्प्युटरवर पत्र लिहीत होती. बटण दाबलं की आजची तारीख आपोआप येते म्हणे. मी विचारलं, "उद्या उघडलं तर?" ती म्हणाली, "आजोबा, एकदा पक्की केली की ती बदलत नाही." पक्क्या तारखेनं माझे काय हाल केले होते, ते तिला कुठल्या तोंडानं सांगू? तुम्हाला सांगायला हरकत नाही. तुमच्यापुढे तशीही माझी अब्रू शिल्लक नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मंगरूळपीरला एका ऑफिसात मी कारकून होतो. कुठल्या ते विचारू नका. काम एवढंच, की आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारायचा. शिक्क्याला रबरी पट्टे आणि बाजूला छोटी चाकं. संध्याकाळी चाक फिरवून पुढच्या दिवसाची तारीख लावून ठेवायची, की सकाळी डोळे मिटून ठोकायला मोकळे. डोळे मिटून, ही माझी स्वतःची सुधारणा.

घर अनसिंगला. शनिवारी ऑफिस सुटलं की पोरानं बस धरून घरी यावं, ही बाबांची अपेक्षा. पण घरी गेलो की रविवार शेतात जायचा. त्या वर्षी तूर सोंगायला, म्हणजे कापायला, आली होती आणि मला रविवारी दुपारपर्यंत लोळायची सवय लागली होती. मग मी डोकं चालवलं. बाबांना पोस्टकार्ड धाडायचं: 'रविवारीही ऑफिसात काम आहे, येणे जमत नाही.' नुसत्या शब्दावर बाबा विश्वास ठेवणारे नव्हेत, म्हणून खाली ऑफिसचा तारखेचा शिक्का. आहे की नाही अक्कल?

अडचण एकच होती. रविवारी ऑफिसला कुलूप आणि शिक्का आत. म्हणून एका शनिवारी मी चार पोस्टकार्डं एकदम लिहिली, आणि चाक पुढे पुढे फिरवत येणाऱ्या चारही रविवारच्या तारखा त्यांवर ठोकून घेतल्या. दर रविवारी एक कार्ड पेटीत टाकलं की झालं. चौथं ठोकलं, शिक्का ड्रॉवरमध्ये टाकला आणि खोलीवर जाऊन पसरलो. चाक मागे आणायचं राहिलं.

सोमवार हा शिक्षकांच्या जागांसाठी अर्ज द्यायचा शेवटचा दिवस. खिडकीपुढे ही गर्दी! मी दणादण शिक्के मारत सुटलो. नोंदवहीत तारीख हातानं लिहायची असते, तिथंही कंटाळा करून शिक्काच मारला. त्या गठ्ठ्यात माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचाही अर्ज होता. मॅट्रिक झालेली आमच्या घरातली ती पहिली मुलगी. तिच्या अर्जावर तर मी शिक्का चांगला दाबून, ठसठशीत मारला.

गठ्ठा दुपारीच वरच्या ऑफिसला गेला आणि तिथं न उघडता पडून राहिला. संध्याकाळी चाक फिरवायला घेतलं, तर तारीख भलतीच. ड्रॉवरमध्ये हलून फिरलं असेल, अशी स्वतःची समजूत घालून मी ते गुपचूप नीट केलं.

दोन महिन्यांनी सगळे अर्ज परत आले. प्रत्येकावर लाल शेरा: मुदतीनंतर प्राप्त.

उमेदवारांनी ऑफिस डोक्यावर घेतलं. चौकशीला वरून साहेब आले. सुमनला घेऊन बाबाही आले. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"दादा, मी तं सोमवारी सोताच्या हातानं तुले अर्ज देला. मंग उशीर कसा झाला?"

तेवढ्यात आमचे हेडक्लार्क भिंतीवरचं कॅलेंडर काढून घेऊन आले. त्यांना आम्ही बडे बाबू म्हणायचो.

"साहेब, शिक्क्यावरची तारीख पाहा. रविवार आहे. रविवारी आपलं ऑफिस बंद राह्यते. मंग अर्ज घेतले कोनं? शिक्काच चुकला आहे."

साहेबांनी कॅलेंडर पाहिलं, मान हलवली. "बरोबर. सगळे अर्ज मुदतीत धरा."

माझा जीव भांड्यात पडला. आणि बाबा उठून उभे राहिले. आपल्या पोराच्या कामाला बट्टा लागतोय, हे त्यांना सहन होईना.

"बंद कसं म्हणता, साहेब? माहा पोरगा दर रविवारी इथं काम करते. त्याच्या शिक्क्याले चुकीचा म्हनू नका."

आणि त्यांनी खिशातून चार पोस्टकार्डं काढली. गावभर दाखवून दाखवून मळलेली. चौथ्यावर तोच शिक्का, तीच तारीख.

साहेबांनी ते कार्ड अर्जाशेजारी ठेवलं. "म्हणजे त्या रविवारी ऑफिस उघडं होतं? मग अर्ज उशिराच आले की."

सुमन माझ्याकडे बघत होती. आता तुम्हीच सांगा, मी काय करणार? बाबांचा कामसू मुलगा वाचवावा, तर बहिणीची नोकरी जाते. मी उभा राहिलो आणि एका दमात सगळं ओकलो. झोप, तूर, चार कार्डं, चाक, सगळं.

मग खिडकीशी उभ्या उमेदवारांतून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले. साहेबसुद्धा. बाबा तेवढे हसले नाहीत.

"म्हंजे मी एकटा तूर सोंगत होतो, तवा तू झोपून होता?"

"हो बाबा."

"चारही रविवार?"

"हो."

"अन् मी गावात सांगत फिरलो."

एवढंच म्हणाले. लाजेनं मान वर होईना. पण खरं सांगतो, इतकं हलकंही मला कधी वाटलं नव्हतं. अर्ज मुदतीत धरले गेले, आणि पुढे सुमनला शिरपूरला नोकरी लागली.

माझी नोकरी वाचली, पण साहेबांनी शिक्षा ठोठावली. सगळे अर्ज हातानं नव्यानं नोंदवायचे, आणि तेही चार रविवार ऑफिसात बसून. किल्ली बडे बाबूंकडे, त्यामुळे त्यांचेही रविवार गेले. समोर बसून ते दिवसभर माझ्याकडे डोळे वटारून बघायचे.

पहिल्याच रविवारी मी घरी पोस्टकार्ड लिहिलं: 'ऑफिसात काम आहे, येणे जमत नाही.' मजकूर तोच, पण पहिल्यांदाच खरा. तारीख तीनदा तपासून शिक्काही मारला. आठवड्यानं सुमनच्या अक्षरात उत्तर आलं.

'बाबांनी शिक्का पाहिला. म्हणतात, बडे बाबूंची सही पाठव.'