सोफ्यावरच्या पेशंटचे मार्क

दुसऱ्यांदा नापास झाले तर सगळं संपणार, हे कॉलेजने मला ईमेलमध्ये फार गोड शब्दांत कळवलं होतं. दोन वर्षं घरी बसून शिकलेलं सगळं रद्द, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी त्रेचाळीस वर्षांची होते आणि मला भीती वाटत होती. सकाळी चहाचं आधण ठेवताना वाटायची, कामावर पार्किंगमध्ये गाडी लावताना वाटायची. नवरा म्हणायचा, "अगं, एक परीक्षाच आहे यार." त्याला काय जातंय म्हणायला.

अमेरिकेत नर्स दोन प्रकारच्या असतात, प्रॅक्टिकल आणि रजिस्टर्ड. प्रॅक्टिकल नर्स गोळ्या देते, ड्रेसिंग बदलते, बीपी घेते आणि काही वेगळं दिसलं की जाऊन रजिस्टर्ड नर्सला सांगते. पुढचं ती ठरवते. मी आठ वर्षं प्रॅक्टिकल नर्स होते. आम्ही तिथल्या कॅरी नावाच्या गावात राहतो. नवरा रोज फार्मा कंपनीत जायचा आणि मी हायवेवर दोन एक्झिट पलीकडच्या वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये. नोकरी सांभाळून रजिस्टर्ड व्हायचं तर मला एकच रस्ता होता. घरून ऑनलाइन शिकायचं, कॅमेऱ्यासमोर पेपर द्यायचे आणि शेवटी दुसऱ्या राज्यातल्या एका हॉस्पिटलात तीन दिवस खऱ्या पेशंटवर परीक्षा द्यायची. परीक्षक आपल्या मागे उभी असते आणि चकार शब्द बोलत नाही.

पेपर सगळे पास झाले. हॉस्पिटलात मात्र पहिल्याच सकाळी नापास. खुब्याचं ऑपरेशन झालेले एक आजोबा म्हणाले, श्वास घ्यायला जड जातंय. मी त्यांची उशी उंच केली, धीर दिला आणि म्हणाले, "मी आत्ता नर्सला सांगून येते." मागे फाइल बंद झाल्याचा आवाज आला. बाहेर नेऊन परीक्षक शांतपणे म्हणाली, "इथे नर्स तुम्हीच होतात." आठ वर्षांची सवय नडली. 'नर्सला सांगून येते' या वाक्यासाठीच कामावर माझं कौतुक व्हायचं.

दुसरी तारीख तीन महिन्यांनी मिळाली. तोवर सांगलीहून सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, मधुमेह जुना. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या, त्यामुळे घरात कुणाची तरी परीक्षा आहे म्हटल्यावर त्यांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं.

आपल्याकडे परीक्षेचं एक शास्त्र असतं. ज्याची परीक्षा असेल त्याच्या कानावर वाईट काही जाऊ द्यायचं नाही. माझ्या बारावीच्या वेळी मामा गेले, ते मला शेवटचा पेपर देऊन घरी आल्यावर कळलं. आई नऊ दिवस माझ्यासमोर हसत वावरत होती. सासूबाईंनी तेच शास्त्र इथे लागू केलं. सांगलीचा फोन आला की बाल्कनीत जाऊन बोलायच्या. नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करताहेत, ही गोष्ट दोघांनी मिळून माझ्यापासून लपवली. मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळायचं की काहीतरी आहे, आणि माझी धडधड दुप्पट व्हायची.

सरावासाठी मला पेशंट हवा होता. सासूबाई आपणहून सोफ्यावर आडव्या झाल्या. मी पुस्तकातली केस मराठीत लिहून द्यायचे, कुठे दुखतं, कधीपासून, काय विचारलं तर काय सांगायचं, आणि त्या ते पाठ करायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी अट घातली.

"पेशंटलाही मार्क द्यायचे. दहापैकी. बिनमार्काचं काम मी कधी केलं नाही."

मी म्हटलं बरं. प्रत्येक सरावाच्या कागदावर खाली कोपऱ्यात मी त्यांचे मार्क लिहू लागले. त्या चष्मा लावून ते तपासायच्या आणि दहापैकी दहा पडले की त्या दिवशी जेवणात काहीतरी गोड व्हायचं. खुब्याच्या आजोबांची केस आम्ही इतकी केली की त्या माझा आवाज काढून मला चिडवायच्या, "नर्सला सांगून येऊ का गं?" मी हसायचे. आणि केस पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

परीक्षेला तीन आठवडे उरले तेव्हा मी जेवणंही धड करत नव्हते. रात्रपाळ्या बंद करून घेतल्या. सोमवारी सराव करताना सासूबाई म्हणाल्या, "जबडा दुखतोय गं. खालच्या बाजूला."

"आई, तुमच्या कागदावर जबडा नाहीये. खुबा दुखतोय तुमचा."

"बरं बाई, खुबा."

मी मार्क कापले. बुधवारी त्या म्हणाल्या, जिना चढलं की मळमळतं. मी म्हटलं, "ऑपरेशन होऊन एक दिवस झालाय तुमचं, जिना कुठला चढताय तुम्ही?" त्या हसल्या. मीही हसले आणि परत मार्क कापले. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की म्हाताऱ्या, मधुमेही बाईचं हृदय छातीत दुखून सांगेलच असं नाही. ते जबड्यात दुखतं, पोटात ढवळतं. त्या प्रश्नाचं बरोबर उत्तर मी पेपरात लिहून आले होते.

शुक्रवारी सकाळी नवरा ऑफिसला गेल्यावर आम्ही बसलो. त्या दिवशी सासूबाई हळूहळू बोलत होत्या, वाक्यं विसरत होत्या. मध्येच म्हणाल्या, "डावा हात जड वाटतोय."

माझा तोल गेला. "आई, तुम्ही असं मनाचं घालायला लागलात ना, तर मी परत नापास होईन."

"नाही घालत," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून पडून राहिल्या.

मी धुसफुसत कागदावर मार्क लिहिले आणि पुढची पायरी म्हणून त्यांचं मनगट धरलं. हात गार होता. ओला होता. मी वर पाहिलं. एसी चालू होता आणि सासूबाईंच्या कपाळावर, वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. घाम पाठ करून येत नाही.

यानंतर मी जे बोलले ते लिहायची मला लाज वाटते, पण खरं तेच आहे. मी म्हणाले, "थांबा, मी नर्सला सांगते."

आमच्याच हॉलमध्ये, सकाळी अकरा वाजता. मी दाराकडे दोन पावलं गेलेसुद्धा. तिथे शूजचा रॅक होता आणि भिंतीवर कॅलेंडर. कुणी नव्हतं. आठ वर्षांत प्रत्येक वेळी कॉरिडॉरच्या टोकाला कुणीतरी असायचं, जिला सांगितलं की माझं काम संपायचं. त्या घरात माझं काम संपायला जागाच नव्हती.

मी इमर्जन्सीचा नंबर, नाइन वन वन लावला. पलीकडच्या बाईने विचारलं, कोण बोलतंय. मी नाव सांगितलं नाही, सून आहे असंही सांगितलं नाही. म्हणाले, "मी नर्स आहे." वय सांगितलं, मधुमेह सांगितला, नाडीचे ठोके सांगितले. तिच्या सांगण्याप्रमाणे अ‍ॅस्पिरिन चावून खायला दिली. शब्द ओळीने येत होते. मग तिने विचारलं, त्रास केव्हापासून होतोय.

"सोमवारपासून," मी म्हणाले.

हे मी माझ्याच कानांनी ऐकलं. फोन तसाच कानाला धरून मी सोफ्याजवळ खाली बसले. सासूबाईंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, पहिल्यांदाच दिसली. मला त्यांना सांगायचं होतं की काही होणार नाही. पण ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी नुसता हात धरून ठेवला आणि ठोके मोजत राहिले.

अ‍ॅम्ब्युलन्स आठ मिनिटांत आली. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती, तिथे स्टेंट घातला. नवरा धावत आला तेव्हा मी वेटिंग रूममध्ये पायांत घरातल्या सपाता घालून बसले होते. त्याने विचारलं, अचानक कसं झालं? मी म्हणाले, अचानक नाही झालं. आणि त्या खुर्चीत बसल्याबसल्याही एकदा परीक्षेची तारीख मनात येऊन गेली, हेही लपवत नाही. भीतीला लाज नसते.

सासूबाई वाचल्या. घरी आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझी परीक्षा रद्द करू दिली नाही. मी गेले. तिसऱ्या दिवशी एक आजी मी विचारलेलं सोडून भलतंच काही सांगायला लागल्या, झोपेबद्दल, पायांबद्दल. परीक्षक मागे होती, घड्याळ चालू होतं. मी खुर्ची ओढून बसले आणि त्यांचं संपेपर्यंत ऐकलं. मग तपासलं, काय करायचं ते ठरवलं आणि डॉक्टरांना स्वतः फोन केला. पास झाले. आनंद झाला, पण भीती गेली असं म्हणता येत नाही. आता कॉरिडॉरच्या टोकाला मी असते.

परत आले त्या दुपारी सासूबाई त्याच सोफ्यावर बसल्या होत्या. माझ्या हातावर पेढा ठेवला. तोपर्यंत आवरून धरलेला राग तेव्हा बाहेर आला.

"आई, इतकं दुखत होतं तर सांगायचं नाही का मला?"

"परीक्षा होती तुझी. असं कसं सांगणार?" त्या म्हणाल्या. "आणि सांगितलं की. तीनदा सांगितलं. तू मार्क कापलेस."

त्या आत आराम करायला गेल्यावर मी ड्रॉवरमधून त्या आठवड्याचे कागद काढले. जबडा, जिना, डावा हात, सगळं माझ्याच अक्षरात टिपलेलं होतं, पुढे 'केसमध्ये नाही' असा शेरा. खाली कोपऱ्यात मार्क होते. सोमवारी आठ, बुधवारी सात, शुक्रवारी पाच.