चंपतच्या घरचा हात

आमच्या भीमपूरकडे कुणाच्या अंगणात झाड चांगलं जगलेलं दिसलं, की ते कुणी लावलं हे विचारायची गरजच पडत नसे. चंपतनं लावलेलं असायचं. चंपत माझा लहानपणापासूनचा सोबती. गावच्या शाळेत एका तरटावर बसलो, एकाच गुरुजींच्या छड्या खाल्ल्या आणि सातवीनंतर दोघांनीही दप्तर खुंटीला लावलं ते कायमचं. मी तोंडाचा, तो हाताचा. म्हणजे मी दिवसभर गोष्टी सांगणार, आणि तो हात लावील ते रुजणार.

हात कसा होता ते सांगतो. एकदा त्यानं बकरी बांधायला शेवग्याच्या वाळक्या फांदीची खुंटी ठोकली. पुढं बकरी विकली आणि खुंटीला पालवी फुटली. त्या शेंगांचं वरण मी कितीदा खाल्लं असेन. माझ्या विहिरीवर मी लावलेलं लिंबू दरवेळी वाळायचं. शेवटी चंपतला बोलावलं. त्यानं त्याच खड्ड्यात लावलं, ते अजून फळतंय. आमची जयवंताबाई, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "तुमी झाडाजवळ बोलत नका जाऊ. त्याले झोप लागत नाई."

त्यामुळे गावात एक रीतच पडून गेली. कुणी नवं घर बांधलं, की घरभरणीच्या दिवशी अंगणातलं पहिलं झाड चंपतच्या हातून लावून घ्यायचं. घरधनीण त्याच्या हातांवर तांब्यानं पाणी घालायची, तो हात धुवायचा, मग रोपाला माती द्यायचा. पांढरं धोतर, कडक सदरा, खांद्यावर शेला. सरपंच तो कधी झाला नाही, भजनात त्याचा आवाज लागत नाही, बैठकीत त्याला कुणी मत विचारत नाही. आयुष्यात मान म्हणावा असा हा एवढाच. पण तेवढा त्याला पुरत असे, वर्षभर.

मग झालं काय, की अंगणंच गेली. मातीची घरं पडली, स्लॅबची आली. भिंतीपासून फाटकापर्यंत सिमेंट, मोटरसायकल लावायला बरं. चंपतचा हात रिकामा झाला. आणि नेमकी त्याच सुमारास त्याच्या घरात सून आली, मयूरी, मुधोळची.

मयूरीनं येताना काचेच्या बाटलीत मनी प्लांटचं एक फाटं आणलं होतं. पाहता पाहता ते टीव्हीच्या मागून वर चढलं, फोटोंच्या चौकटींवरून गेलं आणि दारावर तोरणासारखं लोंबायला लागलं. मग स्नेक प्लांट आलं, तलवारीच्या पात्यांसारखं. न्हाणीच्या कट्ट्यावर सुद्धा एक कुंडी. घरात शिरलं की गार वाटायचं, खोटं कशाला बोलू. उन्हाळ्यात आमचा आदिलाबाद जिल्हा तव्यासारखा तापतो, तेव्हा मी मुद्दाम चंपतकडे जाऊन बसायचो.

"घरात हिरवं असलं की डोकं शांत राह्यते, मामाजी," मयूरी सासऱ्याला म्हणायची.

चंपत मला बाहेर येऊन म्हणायचा, "माह्यं डोकं तं ते आल्यापासूनच तापून राह्यलं."

खरा घाव घातला तो एरिका पामनं. लांब लांब पानांचं, झुबकेदार झाड. त्याला खिडकीतला कोवळा उजेड लागतो. आणि खिडकीच्या कोपऱ्यात होती चंपतची आरामखुर्ची, जिथून त्याला सारी गल्ली दिसायची, कोण कुणाकडे गेलं, कुणाची सून फोनवर बोलत चालली. मयूरीनं खुर्ची समोरच्या भिंतीकडे तोंड करून लावली आणि खिडकीत पाम ठेवला. आता चंपतला बसल्या जागी दिसायचं ते खताच्या दुकानाचं कॅलेंडर.

त्याहून वाईट म्हणजे द्वारकाबाई. चंपतची बायको सुनेच्या नादी लागली. ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायची आणि बोलायची, "कशी हायेस माय? नवं पान काढलं का आज?"

"पाय," चंपत मला हळूच म्हणाला, "इतकी वर्षं संसार झाला. माह्यं तोंड पुसलं का कधी तिनं?"

"तुले नवं पान येते का?" मी म्हणालो.

दोन दिवस फिरकला नाही माझ्याकडे.

एकदा शेती खात्यातल्या एक तेलुगू म्याडम कपाशीची नोंद घ्यायला आल्या. चंपतनं वावरातली पऱ्हाटी, कपाशीच ती, दाखवली, कमरेच्या वर आलेली. म्याडमनं ती मोबाईलात टिपली आणि मान हलवली. घरात पाणी प्यायला शिरल्या आणि पामसमोर थबकल्या. "चाला बागुंदी," म्हणाल्या. फार छान आहे म्हणे. मयूरीला जवळ घेऊन पामसोबत फोटो काढला. चंपत हातात रिकामा पेला घेऊन उभा.

त्या रात्री त्याला झोप लागली नसावी. कारण सकाळी पाहतो तर रंगाच्या डब्यात माती भरून त्यानं पऱ्हाटीचं एक रोप लावलेलं आणि डबा हॉलमध्ये, पामच्या शेजारी.

"तिची झाडं घरात राहू शकतात, तं माही काऊन नाई?"

पऱ्हाटीनं मात्र त्याची लाज राखली नाही. उन्हासाठी ती खिडकीकडे मान ताणत गेली, बारीक, फिकट, दोरीसारखी. बोंड तर सोडाच, कळीचं पातंही धरलं नाही. पुढं तिच्यावर पांढरी कीड पडली आणि कीड पामवर गेली. मयूरीनं लगेच बादली भरली. साबणाच्या पाण्यानं सगळी पानं धुतली, डबा उचलून मागच्या दारी ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "मामाजी, पऱ्हाटीले ऊन लागते. घरात तिचा जीव घुसमटते."

चंपत तडक माझ्याकडे आला. "मले सांगते. पऱ्हाटीचं. मले."

आता बायका मयूरीकडे यायला लागल्या होत्या. एक फाटं दे, पण तुझ्याच हातानं लावून दे, तुझ्या हाताचं जगते म्हणतात. चंपत कॅलेंडरकडे तोंड करून हे ऐकायचा. हाताचं जगते. हे शब्द त्याचे होते. लोकांनी ते त्याच्याबद्दल बोलायला सुरुवात केली होती, आणि त्याच्याच घरात, त्याच्या पाठीमागं, ते दुसऱ्याला देऊन टाकले.

अशात नागेशचा फोन आला. नागेश म्हणजे आमच्या नागोरावाचा मुलगा. नागोराव आणि चंपत जन्मभर एका वावरात राबले. नागोरावाच्या झोपडीपुढचा कडुनिंब चंपतनंच लावलेला. आता नागोराव नाही, नागेश तलमडुगूला शाळेत मास्तर आहे आणि त्यानं आदिलाबादला घर बांधलं. चंपतला ऐकायला जरा कमी येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजात लावला. मी तिथंच होतो.

"काका, जयभीम. रविवारी घरभरणी हाय. तुमच्या घरचा हात लागला पायजे."

चंपतचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं दिवा लागला. "येतो ना बापा. हात घेऊनच येतो."

आठवडाभर त्याचं तेच. धोतर कडक केलं. मागच्या दारी त्यानं कडुनिंबाचं एक रोप धरलं होतं, नागोरावाच्या झाडाच्या निंबोळीचं. ते पिशवीत भरलं. रविवारी तो आणि मी ऑटोत बसलो. द्वारकाबाई म्हणाली, मयूरी स्कूटीवर येते. मागं वळून पाहतो तर स्कूटीच्या पुढ्यात कुंडी. घरच्या पामचेच फुटवे वेगळे करून तिनं लावले होते.

"काऊन आणली असंन ते?" चंपतनं विचारलं.

"रिकाम्या हातानं कसं यावं म्हणून," मी म्हणालो. मलाही तसंच वाटलं होतं.

घर देखणं. बुद्धवंदना झाली, खीर वाटली. मग नागेशची बायको प्रतिभा तांब्या घेऊन आली. "चला, आता हात लावून घेऊ."

चंपतनं बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात पुढं धरले. प्रतिभा त्याच्या शेजारून गेली आणि तिनं मयूरीच्या हातांवर पाणी घातलं. हॉलच्या कोपऱ्यात चकचकीत पितळी कुंडा ठेवला होता. मयूरीनं पाम त्यात बसवला, माती दाबली. बायकांनी फोटो काढले.

चंपतचे हात तसेच होते. मग त्यानं ते हळूच वर नेले आणि खांद्यावरचा शेला सारखा केला, जणू त्यासाठीच उचलले होते. नागेशनं पाहिलं. तो जवळ आला, ओशाळून म्हणाला, "काका, अंगण ठेवता नाई आलं. सारं स्लॅबमंदी गेलं. तुमी बसा, खीर घ्या."

कडुनिंब ऑटोतच राहिला. नंतर तो माझ्या बांधावर लागला, तेवढा माझा फायदा.

येताना चंपत गावाच्या फाट्यापर्यंत शेल्याची घडी घालत बसला. मग म्हणाला, "लक्षुमण, फोनवर तो काय म्हनला होता? तुमचा हात, का तुमच्या घरचा?"

"घरचा."

"मंग बरोबर हाय." ऑटो थोडा पुढं गेला. "पन घर तं माह्यं हाय."

पुढं मयूरी आईला बरं नाही म्हणून मुधोळला गेली. मी बाजाराला आदिलाबादला गेलो होतो, तिथं नागेश भेटला. म्हणाला, झाड पिवळं पडून राह्यलं, काका. मला तर बातमी घेऊन कधी गावात पोचतो असं झालं. चंपतला जाऊन सांगितलं. एक विडी ओढून होईपर्यंत तो असा खूष होता, की काय सांगू. मिशीतल्या मिशीत हसायला लागला. मग एकदम थांबला.

"काय म्हनते लोकं? कोनाचा हात लागू नाई पडला म्हनते?"

"प्रतिभा म्हणते म्हणे, चंपतकाकाच्या घरचा हात आता पयल्यासारखा नाई राह्यला."

चंपतनं विडी विझवली.

सकाळी पाहतो तर खिडकीतला तो मोठा पाम ऑटोत उभा, पानं बाहेर लोंबणारी, आणि चंपत त्याला मिठी मारून बसलेला. "बस लवकर," मला म्हणाला.

प्रतिभानं दार उघडलं. चंपत म्हणाला, "बाई, मयूरीनं हे पाठवलं. ते लहान झाड नुसतं घराची हवा पाहायले ठेवलं होतं म्हने." मयूरीचं नाव घेताना त्यानं असा आवंढा गिळला, जसा लहानपणी हिवतापाची कडू कोयनेलची गोळी गिळताना गिळायचा. मग त्यानं पितळी कुंड्यात बोट घातलं. तळाशी पाणी साचून कुबट वास सुटला होता. आमच्या काळ्या रानात पाणी तुंबलं की आम्ही जमीन चिबडली म्हणतो, तसं झालं होतं. पण प्रतिभाला दुखवलं नाही त्यानं. "खाली भोक पाडून घ्या आन् पानी जरा कमी घालत जा. मयूरीनं सांगतलं." आणखी एक गोळी गिळली.

घरी आल्यावर पहिलं काम त्यानं काय केलं असेल? खुर्ची खिडकीत लावली. बसला. गल्ली दिसली.

"मारे मयूरीची लाज राखायले निघाला होता," मी म्हणालो.

"लाजही राह्यली आन् खिडकीही भेटली," चंपत म्हणाला. "तुले काऊन झोंबते?"

नागेशकडून परत आणलेला पिवळा पाम त्यानं मागच्या दारी सावलीत ठेवला होता. सडकी मुळं कापली, माती बदलली, आणि मग दिवसातून कितीदा जाऊन पाहायचा ते द्वारकाबाईला विचारा.

मयूरी आली तेव्हा मी चहाला होतोच. तिनं खिडकी पाहिली, खुर्ची पाहिली. "मामाजी, प्रतिभाताईचा फोन आला होता. मोठं झाड पाठवलं म्हणून लई खूष हायेत. मी तं काही पाठवलं नव्हतं."

चंपत गल्लीत पाहत राहिला. "या घरातून गेलं ना? मंग तूच पाठवलं."

तिनं पिशवी खाली ठेवली. मागच्या दारी गेली आणि तो रोडका पाम उचलून त्याच्या खुर्चीशेजारी आणून ठेवला. "हे मात्र तुमच्या हाताचं. मी नाई लावनार हात."

"मले नाई पायजे तुमचे घरातले लाड," चंपत म्हणाला. कुंडी मात्र परत नेली नाही.

परवा नागेशनं मोबाईलवर फोटो टाकला. पाम काय भरला होता, अर्धा कोपरा झाकला त्यानं. खाली लिहिलं होतं, मयूरीच्या हाताला गुण आहे. मी लगबगीनं चंपतकडे गेलो आणि फोन त्याच्या नाकापुढं धरला. त्यानं तो लांब धरला, जवळ धरला.

"मी नेलं ते. ऑटोत पोटाशी धरून नेलं."

"सांगू का मग गावाले?"

"सांगशील तं पाय." मग त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. "लक्षुमण, त्याचं पान माह्या झाडापेक्षा लांब हाय का रे?"

मी त्याच्या पामकडे पाहिलं. नवं पान निघालं होतं, पण फोटोतल्यासमोर ते लेकरूच. "लांब हाय," मी म्हणालो.

चंपत उठला. खुर्ची स्वतःच ओढत भिंतीकडे नेली, कॅलेंडरसमोर. कुंडी खिडकीत सरकवली, पानं उजेडाकडे वळवली. शेल्याचं टोक तांब्यात बुडवलं आणि ते नवं पान पुसायला लागला, तोंडानं हळूच काहीतरी पुटपुटत.

आतून द्वारकाबाई म्हणाली, "कोनाशी बोलून राह्यले वो?"

"लक्षुमण आला हाय," चंपत म्हणाला.