रिमोटच्या पोटातली किल्ली

बायकोला हे ठाऊक नाही. निपाणीत संध्याकाळी वाचनालयाच्या कट्ट्यावर ज्यांच्याबरोबर बसून मी जगाची टिंगल करतो, त्या मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. यात शूरपणा काही नाही, मान्य. पण सुरुवात कुठून तरी करायला हवी.

गोष्ट एका बंद गाडीची आहे. बॅटरी उतरली, दारं उघडेनात, लोक जमले — ऐकायला किती किरकोळ! मीही ती किरकोळ म्हणूनच सांगत आलोय. कट्ट्यावर सांगितली, पाहुण्यांत सांगितली, लोक पोट धरून हसले. पण मी ती नेहमी अर्धीच सांगतो. लोक हसतात तिथपर्यंत.

मी कॉलेजात इतिहास शिकवला. राजेरजवाडे, दरबार, पदव्या यांच्याविषयी इतकं वाचलं की थाटमाट दिसला की हसू येतं. निवृत्त झालो तेव्हा कॉलेजनं शाल-श्रीफळ देऊ केलं. मी नको म्हणालो. आणि नको म्हणालो हे पुढं वर्षभर सगळ्यांना सांगत फिरलो. — हे वाक्य लिहिताना आत्ता मलाच जरा थांबावं लागलं.

माझे साडू सुभाषराव याच्या नेमके उलट. निपाणीत तंबाखूचा व्यापार, घसा मोठा, आणि फेटा बांधायला यांना निमित्त लागत नाही. त्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा आम्ही सगळे बेळगावला शोरूममध्ये गेलो होतो. गाडीवर लाल मखमली कापड, शेजारी केक, फटाक्यासारखा कागदी चुरा उडवणारी नळकांडी. आणि पुठ्ठ्याची एक किल्ली — माणसाच्या छातीएवढी. ती दोन्ही हातांत धरून सुभाषराव फोटोसाठी उभे राहिले. सगळं घर तिकडं.

शोरूममधली मुलगी मात्र खरा रिमोट हातात घेऊन बिचारी पाठ केलेलं बोलत होती. कुणाशी? कुणाशीच नाही. मी गेलो आणि तिच्यासमोर उभा राहिलो. कुणी ऐकत नसलेलं ऐकायचं, ही माझी खोड; तिचा मला अभिमानही होता. ती म्हणाली, "सर, बॅटरी डाऊन झाली तर रिमोट चालणार नाही. मग हे बटण सरकवायचं." आणि तिनं त्या रिमोटच्या पोटातून एक बारकी लोखंडी किल्ली ओढून काढली. ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीला टोकाशी एक झाकण असतं; ते काढलं की आत भोक. किल्ली घातली, फिरवली, दार उघडलं. तिनं ते मला करून दाखवलं. मला! ज्याला गाडी चालवताही येत नाही.

सुभाषरावांना हे सांगायचं राहून गेलं. खरंच राहून गेलं — तेव्हापुरतं.

पुढं त्यांच्या ओंकारचं लग्न ठरलं. मुलगी बेळगावची, वडगावातली, विणकराच्या घरची — राजश्री. तिचे वडील परशरामआण्णा. गल्लीत सगळीकडं पॉवरलूमचा खडखडाट. आण्णांनी मात्र घरात एक हातमाग ठेवला होता. आपल्याकडं अक्षतेला नवरी जी साडी नेसते ती नवऱ्याकडून यायची, ही रीत. आण्णा साखरपुड्याच्या आधी सुभाषरावांना म्हणाले, "रीत तुमची, राव. ती मी मोडत न्हाय. पण साडी माझ्या मागावरची असू दे. मी विणून तुमच्या हातात देतो, तुम्ही घेऊन या." सुभाषराव लगेच हो म्हणाले. मी मनात म्हणालो, बघा, आता दुसऱ्यानं विणलेली साडी हे स्टेजवरून आपली म्हणून मिरवणार. माणसाविषयी मनात एकदा मत झालं की किती सोपं जातं, नाही?

साडी मी पाहिली होती. जांभळा रंग, काठ लाल. मला कापडातलं कळत नाही, पण आण्णा ती उलगडताना हाताच्या पाठीनं सारखी करत होते. बोटं लावत नव्हते. एवढं लक्षात आहे.

लग्न बेळगावच्या बाहेर, हमरस्त्याजवळच्या एका कार्यालयात. वऱ्हाड हळदीसाठी आदल्या संध्याकाळीच पोचलं. सुभाषरावांची गाडी सगळ्यात पुढं — फुलांनी मढवलेली, आणि बॉनेटवर नवरानवरीच्या नावांची दिव्यांची पाटी. सजावटवाल्यानं पाटी थेट गाडीच्या बॅटरीला जोडली होती. गाडी दाराशी लावली, लॉक केली, आणि सुभाषरावांनी फर्मान काढलं की पाटी रात्रभर चालू ठेवायची. ती राहिली.

सकाळी गाडी मेलेली. आणि साडीची पिशवी मागच्या सीटवर.

आता लोक हसतात तो भाग. सुभाषरावांनी रिमोट दाबला. जवळून दाबला, लांबून दाबला. हनुवटीला लावून दाबला, कारण तसं केलं की जोर येतो म्हणे. मग प्रसादासारखा कपाळाला लावला. "मघापासनं दाबायलोय, उघडंनाच की हे!" कुणी म्हणालं दुसऱ्या गाडीतनं करंट द्या, पण बॉनेट उघडायची दांडी आत. कुणी काचेच्या फटीतून पट्टी घालायला गेलं, कुणी तार. आचाऱ्यानं झारा आणून दिला, तो कशासाठी हे त्यालाच माहीत. एक म्हातारा पाहुणा गाडीवर हात मारून म्हणाला, "एवढी मोठी गाडी, आन् दाराला एक कडी न्हाय? आमच्या गोठ्याला हाय की!" सगळे हसले. सुभाषरावांचा फेटा मागं सरकला होता. दुसरा रिमोट निपाणीला, घरात. मेलेल्या बॅटरीला त्याचाही उपयोग नव्हता, तरी तो आणायला माणूस पाठवला होता. पण तो जाऊन येईतो अक्षता पडून जाणार हे कुणालाही कळत होतं.

आणि मी? मी चहाचा कप घेऊन मंडपाच्या खांबाला टेकून उभा होतो.

मला माहीत होतं. तुम्ही म्हणाल, त्या घाईत आठवलं नसेल. आठवलं होतं. गाडी उघडत नाही हे कानावर पडलं त्या क्षणी ती बारकी किल्ली माझ्या डोळ्यांसमोर आली. दहा पावलं चालायचं, रिमोट मागून घ्यायचा, बटण सरकवायचं. कप खाली ठेवायलासुद्धा लागला नसता.

का गेलो नाही? पहिल्यांदा गंमत म्हणून. पुठ्ठ्याची किल्ली मिरवणाऱ्या माणसाला खरी सापडत नाहीये — हे वाक्य मी तिथंच मनात तयार केलं, कट्ट्यावर सांगायला. त्याची शब्दरचना नीट करत होतो. होय, लोक धावपळ करत होते आणि मी शब्दरचना करत होतो.

पण ते एवढंच असतं तर बरं होतं. थोड्या वेळानं गंमत संपली. आतून बायका विचारायला येऊ लागल्या. राजश्रीची आई येऊन गेली. पोरगी अंघोळ करून साध्या साडीत बसलीय, म्हणाली, आणि दुसरी कुठली नेसायला तयार नाही. तेव्हा तरी जायला हवं होतं ना? मी कप ठेवलाही. आणि मग — हे सांगणं सगळ्यात अवघड आहे — मी इकडंतिकडं पाहिलं, आणि मला वाटलं, अजून थोडे लोक जमू देत. स्टेजवर बसायचे मानाचे पाहुणे अजून आले नव्हते. कार्यालयाचा मॅनेजर नव्हता. सगळे हरले की मग शांतपणे पुढं व्हायचं, काही न बोलता किल्ली काढायची, दार उघडायचं, आणि हात झटकत परत खांबाशी यायचं. कुणी विचारलं तर म्हणायचं, "त्यात काय? ऐकलं होतं फक्त."

शाल-श्रीफळ नको म्हणणारा माणूस. कळलं का तुम्हाला?

मी वाट बघत होतो, तेवढ्यात परशरामआण्णा गर्दीतून आले. पांढरा सदरा, नवी टोपी. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. सुभाषरावांना एवढंच म्हणाले, "राव, काच भरून देतो मी. माफ करा." चुलाणाजवळचा एक दगड त्यांच्या हातात होता.

सुभाषराव म्हणाले, "अहो, फोडा की आण्णा! काच काय महाग हाय काय पोरीपेक्षा?"

तेव्हा मी ओरडू शकलो असतो. "थांबा" हा शब्द केवढा असतो?

पहिल्या दणक्यात काच तडकली, पडली नाही. काचांना आतून काळी फिल्म लावलेली. फुटलेली काच तिला धरून लोंबत राहिली. आण्णांनी आणखी दोन घाव घालून भोक पाडलं, उजवा हात आत घातला आणि पिशवी धरली. ती बाहेर ओढताना वरचा लोंबता तुकडा खाली आला. मनगटावर. त्यांनी हात तसाच हिसडला — पिशवी अडकू नये म्हणून हिसडला — आणि पिशवी बाहेर आली.

आवाज झाला नाही. मला वाटायचं, अशा वेळी माणूस ओरडतो. आण्णांनी पिशवी डाव्या हातात घेतली, बायकोपुढं धरली आणि म्हणाले, "हे आत न्हे आधी. प्लॅस्टिकात हाय, डाग न्हाय लागला." मग स्वतःच्या हाताकडं पाहिलं. पांढरी बाही कोपरापर्यंत लाल झाली होती, आणि बोटं उघडी होती. ते ती मिटायचा प्रयत्न करत होते. मिटत नव्हती. ते हाताकडं असे बघत होते, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

मी खांबाशीच होतो.

हललं कोण? सुभाषराव. त्यांनी डोक्यावरचा फेटा ओढला, फराफरा उलगडला आणि आण्णांच्या हाताला करकचून गुंडाळला. जी गाडी समोर दिसली तिचं दार उघडून आण्णांना आत बसवलं, स्वतः शेजारी बसले. "अक्षता थांबवू नका," एवढं बोलले आणि गेले. स्वतःच्या मुलाच्या अक्षतेला सुभाषराव नव्हते. बोडक्या डोक्यानं दवाखान्यात बसले होते. मी मात्र वेळेवर हजर होतो. राजश्री जांभळ्या साडीत उभी होती, वडील कामात आहेत असं तिला सांगितलं होतं. मंगलाष्टकं झाली आणि मी सगळ्यांबरोबर अक्षता टाकल्या.

डॉक्टरांनी टेंडन म्हटलं — बोटं ओढणारे आतले दोर तुटले होते. शिवलं, पुढं पुन्हा एकदा शिवलं. अंगठा आणि दोन बोटं पुन्हा वळली नाहीत. हातमागाला दोरी ओढायला उजवा हात लागतो, आणि तुटलेला धागा जोडायला चिमूट. घरातला माग काढून टाकला.

तुम्हाला वाटेल, इथं संपलं. माझा खरा गुन्हा याच्याही पुढचा आहे.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात भेटायला गेलो. खोलीत आम्ही दोघंच. आण्णा हसले, म्हणाले, "या हाताचा ताणा तुटला बघा, सर." मग छताकडं बघत म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेली माणसं. खरं सांगा. मी घाई केली काय? काच न फोडता उघडली असती काय गाडी?"

माणूस समोर झोपलेला, प्रश्न सरळ, खोलीत दुसरं कुणी नाही. यापेक्षा सोपी जागा खरं बोलायला कुठं मिळते?

मी म्हणालो, "नाही, आण्णा. दुसरा मार्गच नव्हता."

त्यांनी डोळे मिटले. त्यांना बरं वाटलं, हे मला दिसलं. आणि मलाही बरं वाटलं. हे लिहून ठेवतो — मलाही बरं वाटलं.

यानंतर मी त्यांच्या मनात मोठा झालो. वडगावात गेलो की खुर्ची पुढं येते, चहाआधी पाणी येतं. सुभाषरावांशी ते अजून थोडं अवघडून बोलतात, त्यांची काच फोडली म्हणून. माझ्याशी नाही.

गेल्या महिन्यात राजश्रीच्या मुलीचं बारसं वडगावातच झालं. पाळण्याच्या दोरीची एक बाजू सुटली होती. आण्णांनी डाव्या हातानं धरून पाहिली, मग मला हाक मारली, "सर, एवढी गाठ मारा की." मी गाठ मारत असताना शेजारच्या कुणा पाहुण्यानं त्यांना हाताविषयी विचारलं. आण्णांनी सगळं सांगितलं — गाडी, साडी, दगड, काच. आणि शेवटी माझ्याकडं बोट करून म्हणाले, "दुसरा मार्गच न्हवता. ह्या सरास्नी इचारा. ते हुते तिथं."

पाहुण्यानं माझ्याकडं पाहिलं.

"व्हय," मी म्हणालो. "न्हवता."

मार्ग होता. सुभाषरावांच्या हातात होता, आणि तिथं तो फक्त मला माहीत होता.